मज्जातंतूच्या टोकाला काय लागतं

बंगळूर,
८ जुलै २०२४

ती. बेबीनंदा अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी ‘बरं आहे’ एवढंच म्हणून ठेवून देतो, म्हणून तू रागावलीस आणि लिहून कळव म्हणालीस. अंगणवाडीतून निवृत्त झालीस तरी हजेरी घ्यायची तुझी सवय गेली नाही.

मी प्रयोगशाळेत नेमकं काय करतो, हे विचारलंस. जेवणातल्या प्रथिनांतून ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. ते रक्तातून मेंदूत जातं, पण ज्या दारानं जायचं तिथं इतर आम्लांचीही रेटारेटी असते. जे आत पोचतं, त्यातलं थोडंसं ठरावीक मज्जातंतूंची टोकं ओढून घेतात आणि त्याचं सेरोटोनिन बनवतात. झोप, भूक, मन थाऱ्यावर राहणं, या सगळ्यांत त्याचा हात असतो. उंदराच्या मेंदूतली ती टोकं आम्ही वेगळी काढतो. पेशीपासून तुटली तरी काही तास ती ट्रिप्टोफॅन आत घेत राहतात. किती वेगानं, ते मी मोजतो.

बाकी ठीक. माया आहे तशी राहू दे.

तुझा धाकटा,
मिथुन

टेंभुर्णी,
१९ जुलै २०२४

चि. मिथुन यास,
अ. आ. आणि जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या गोजरबाईलाही वाचून दाखवलं. ती म्हणे, उंदराच्या डोक्यात काय चाललंय ते ह्याला बराबर ठाऊक, पण ह्याच्या डोक्यात काय चाललंय ते कोण बघून राह्यलं? हसण्यावारी बोलली, पण मला ते लागलं.

तुझे दाजी जाऊन दीड वर्ष झालं. मी घरात एकटीच, पण मला बोलायला गोजरबाई तरी हाय. तुझ्या पत्रात टोकं हाइत, उंदीर हाइत, माणूस एकबी न्हाई. तू कोणासंगं जेवतोस? जेवतोस का? आई गेली तवा तू सहा वर्षांचा होतास. तवापासून तुझं खोटं मला लांबून ओळखू येतं.

खरं लिही, अन् जल्दी लिही. जिवाला जप.

तुझी अक्का,
बेबीनंदा

बंगळूर,
१ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
सविनय जयभीम.

रोज लिहायला घेतो आणि कागद ठेवून देतो. तीन आठवडे झाले, मी प्रयोगशाळेत गेलेलो नाही.

माझ्यासोबत राहणारा साहेबराव फेब्रुवारीत नोकरीसाठी दुसरीकडे गेला. तेव्हापासून खोलीत मी एकटा. आधी जेवण सुटलं, मग झोप, मग माणसं. एक दिवस नळी हातात घेऊन उभा राहिलो आणि पुढं काय करायचं तेच सुचेना. सोबत काम करणारी अक्षता मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी गोळ्या दिल्या.

टोकानं बाहेर सोडलेलं सेरोटोनिन ते टोकच परत आत ओढतं. ही गोळी ते ओढणं कमी करते, म्हणजे ते बाहेर जास्त वेळ टिकतं. हे मी मुलांना फळ्यावर काढून शिकवलंय, तरी पाकीट अजून फोडलेलं नाही. लाज वाटते. आणि शेंगदाणे, डाळ खात जा असं लिहू नकोस. तेवढ्यानं भागत नाही, हे मला ठाऊक आहे.

रागावलीस तरी टाकू नकोस.

मिथुन

टेंभुर्णी,
८ ऑगस्ट २०२४

चि. मिथुन यास,
अ. आ.

रागावले न्हाई. एक गोष्ट तुझ्यापासून लपवली, ती सांगते. तुझे दाजी गेल्यावर चार महिने मी चूल नीट पेटवली न्हाई. मंग जालन्याला मनाच्या डॉक्टरकडं गेल्ते. वर्षभर गोळ्या खाल्ल्या. तुला सांगत होते, गुडघ्याच्या हाइत.

गोळी आत काय करती ते मला तुझ्या पत्रातून कळलं. तवा न कळताच घेतली. पहिले पंधरा दिवस नुसतं मळमळलं. मंग पुढं एके दिवशी भाजीत मीठ कमी हाय असं मला कळलं, अन् मी उठून मीठ घेतलं. लाज मलाबी वाटली. तवाच तुला सांगितलं असतं तर तुझं पाकीट आज फुटलेलं असतं. ते माझं चुकलं.

हे स्पीड पोस्टानं टाकते. १४ तारखेला निघून सिकंदराबादवरून १६ला सकाळी बंगळूरला येते. जालन्याच्या पुढं एकटी कधी गेले न्हाई. फलाटावर ये. तू दिसला न्हाईस तर मी उतरणार न्हाई. तवर रोज फोन करीन, अन् ‘बरं आहे’ बिलकुल म्हणायचं न्हाई.

अक्का

बंगळूर,
१० सप्टेंबर २०२४

ती. अक्कास,
सविनय जयभीम. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं गोजरबाईंनी फोनवर सांगितलं. गोळ्या चालू आहेत. अर्धा दिवस प्रयोगशाळेत जातो. मोजताना अजून चुकतो. अक्षता डबा समोर ठेवते, आम्ही फार न बोलता जेवतो. संध्याकाळी खोलीवर यायला मात्र पाय उचलत नाही. इथं तुझे वीस दिवस होते, ते आता नाहीत.

त्या दिवशी तुझी गाडी हलली आणि मी फलाटावरच्या बाकावर बसून रडलो. बराच वेळ. लोक बघत होते. डॉक्टरीणबाईंना सांगताना वाटलं, आता गोळी वाढवणार. त्यांनी विचारलं, याआधी कधी रडला होतात? आठवेना. फेब्रुवारीपासून तर एकदाही नाही. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, हे मी बरं होण्याच्या बाजूला मांडते.

तुझा,
मिथुन