सुमाचे मुंजल

१८ एप्रिल, लातूर
सुनेला, सुमाला, तिसरा महिना. पोटात पाणीसुद्धा ठरेना. मागच्या खेपेला याच महिन्यात गेलं, म्हणून घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आज मन्मथला म्हणाली, मुंजल खावं वाटायलंय. चिरंजीव दुकानात येऊन सांगतात, "अप्पा, तिला मुंजीचं जेवण पायजे." आपण लिंगायत, आपल्यात मुंज कुठली! तरी शेजारच्या कुलकर्ण्यांना जाऊन विचारलं, कुणाची मुंज आहे का जवळपास. बापलेक दोघेही शहाणे.

१९ एप्रिल
सुमाला कळलं. दाराआडून म्हणाली, "मुंज न्हाई ओ मामा. मुंजल! ताडाचे. आमच्या देगलूरला लई मिळतात." ताडगोळे हो! हसता हसता उलटी झाली तिला, पण हसली. किती दिवसांनी. दुपारी गंजगोलाईचा अख्खा बाजार पालथा घातला. नाहीत.

२१ एप्रिल
नांदेडला जाऊन आलो. मिळाले. ताडाच्याच पानात बांधून दिले. एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो, डुलकी लागू दिली नाही.
सुमानं माझ्यासमोर बसून खाल्ले, पदराचं भान नाही. पोटात राहिले! मग ताटली पुढं केली, "मामा, तुमी पन खा की." चव म्हणावी तर काही नाही, नुसतं गार पाणी. लई छान, म्हणालो.

२६ एप्रिल
सकाळी थोडं रक्त गेलं. दवाखाना. बाळाचा ठोका आहे, पण आत्ताच काही सांगता येत नाही म्हणे. तिथंच पडून राहायचं. मन्मथ जिन्यात बसून रडला. विहीणबाईंना फोन केला.

२७ एप्रिल, दवाखाना
विहीणबाई पहाटेच्या गाडीनं आल्या. येताना ताडाच्या पानाचा पंखा आणला, त्यांच्याकडं बाळंतिणीला लागतो म्हणून. इतक्या लवकर कशाला आणला, असं मनात आलं.
दुपारी लाइट गेली. मन्मथ त्यांना जेवायला घेऊन गेलाय. सुमा घामानं भिजली, म्हणून पंखा मीच घेतला.
"ऱ्हाऊ द्या मामा. सासऱ्यानं सुनेला वारा घालू न्हाई."
"कोण म्हणतंय?"
"आमच्याकडं न्हाई घालत."
"आमच्याकडं घालतात," म्हणालो. साफ खोटं. आमच्या सात पिढ्यांत कुणी घातला नसेल.
तिनं डोळे मिटले.
आता लाइट आली. तिला झोप लागलीय. डाव्या हातानं वारा घालतोय, उजव्यानं हे लिहितोय. चारला सोनोग्राफी. महादेवा, ठोका लागू दे रे