मागे घेतलेला हात

इलोइलो
चिरंजीव दुलो,

आशीर्वाद मुद्दाम लिहीत नाही.

कोरियाच्या लढाईला निघताना तू आपल्या रीतीप्रमाणे आशीर्वादासाठी वाकून माझा हात कपाळाला लावायला मागितलास, आणि मी रागानं तो मागे घेतला. आशीर्वादाशिवायच गेलास. वर्षभर तो हात मला जाळत होता.

काल चौकात जनरलसाहेबांनी तुला पदक लावलं, वर सलामही ठोकला. मी मासळीबाजारातल्या बायकांना ओरडून सांगितलं, "बघा गं, हा कॅप्टन माझ्या पोटचा!" मग तू सगळ्यांदेखत वाकलास आणि मी हात दिला.

तू गेल्यावर तुझा सार्जंट पाकितो माझ्या सुकटीच्या टोपलीशी येऊन बसला. म्हणाला, "मावशी, टेकडीवर आमचे सात जखमी राहिले होते. गोळीबारात कॅप्टननी एकट्यानं सात खेपा करून सगळ्यांना आणलं. आम्ही अडवलं, तर हसून म्हणाले, 'मला काही होत नाही रे. म्हातारीनं अजून हात दिलेला नाही, तो घ्यायला परत जायचंय.'"

सोमवारी तू पुन्हा आघाडीवर निघशील. तेव्हा मी हात परत मागे घेणार आहे. रुसलास तरी चालेल. त्यामागचं कारण तुला कळता कामा नये, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही.

आशीर्वाद अडवून बसलेली,
तुझी आई