मोहरीएवढा बुडबुडा

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि आईला प्रभूमध्ये सलाम. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईची पाठ कशी आहे?

वेल्डिंगच्या परीक्षेत मी नापास झाले. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, वरून चकाचक, आत पोकळ!" राग गिळून मी माझ्या जोडाचा एक्स-रे उजेडासमोर धरला. पोलादाच्या पोटात मोहरीएवढा काळा बुडबुडा होता. असा पाइप कारखान्यात बसवला असता, तर वाफेच्या दाबाने तिथेच फुटला असता, आणि शेजारी माणसं उभी असतात.

मी थक्क होऊन बघत राहिले. 'प्रभू, मला पारखून पाहा' असं आपण रोज म्हणतो. उत्तर साहेबांच्या खेकसण्यातून येईल असं वाटलं नव्हतं.

सोमवारी पुन्हा परीक्षा आहे. मी पास व्हावं म्हणून प्रार्थना करू नका. बुडबुडा राहिलाच, तर तो दिसावा, एवढंच मागा.

तुमची,
धाकटी