मी, बंकटाची लेक

मृत्युपत्र करून ठेवणार मी, भिवराबाई, बापाचे नाव बंकट, आईचे नाव केशरबाई, धर्म ख्रिस्ती, काम मुलींना शिकवणे, राहणार मौजे घाटनांदूर, तालुका मोमिनाबाद, जिल्हा बीड, इलाखा निजाम सरकार. पोटातल्या गाठीने मी खाटेला खिळले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. हा मजकूर मी माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी भुलवले नाही. कायद्याच्या शब्दांसाठी अर्जनवीस हबीबमियाँ शेजारी बसले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, माझ्या माघारी तंटा होईल तो बापाच्या नावावरूनच. तेव्हा हे नाव मला कसे लागले ते आधी लिहावे. म्हणून पहिले कलम तेच.

कलम पहिले. माझा जन्म दिंद्रुडच्या एका पाटील घरात झाला. नवरा कशाला म्हणतात हे कळायच्या आधी माझे लग्न झाले आणि कळायच्या आधीच कुंकू पुसले गेले. सन एकोणीसशेच्या दुष्काळात सासरच्यांनी मला माहेरची वाट दाखवली. माहेरी थोरले बंधू सुंदरराव दारातच उभे राहिले. ते रागाने बोलले नाहीत. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले. "दिल्या घरची तू. हितं तुझं काय हाय?" आणि दार लावून घेतले.

घाटनांदुराकडे खडी फोडायचे काम निघाले आहे असे ऐकून मी निघाले. गाव दिसू लागले तेव्हा पाय गेले. मी पडले ती मांगवाड्याच्या कडेला. एक बाई तांब्या घेऊन धावत आली आणि हातभर अंतरावर थांबली. म्हणाली, "बाई, आमी मांग हाव. पेचील का?" जीव जात असतानाही मी क्षणभर विचार केला, हे लपवत नाही. मग प्याले. ती केशरबाई. तिचा नवरा बंकट दोर वळत असे. दोघांनी काही वर्षांपूर्वीच बाप्तिस्मा घेतला होता. पाणी प्याल्याची बातमी दिंद्रुडला पोचली आणि तिकडे मी मेले असे समजून माझ्या नावाने अंघोळ झाली.

मी हिंडूफिरू लागले तेव्हा एका रविवारी उपासनेत बंकट उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "मंडळी, ही माजी लेक हाय. देवानं मला पोटचं लेकरू दिलं न्हाई. पर मी तरी त्येच्या पोटचा कुटं हाय? गावानं आमाला येशीभाईर ठिवलं, त्येनं आमाला लेकरं म्हणून घरात घेतलं. मंग मी हिला लेक म्हणलो तर आडवणार कोण?" कोणी अडवले नाही. त्या दिवसापासून मी बंकटाची लेक.

ज्या घरी मी जन्मले तिथेही दत्तक घेत. पण वतन टिकावे, मेल्यावर कोणी पिंड द्यावा म्हणून घेत. म्हणजे गरज घेणाऱ्याची असे. देवाला आमची काय गरज होती? मांगाची नव्हती, पाटलाच्या विधवेचीही नव्हती. तरी त्याने घेतले. हे मला पाळकांच्या उपदेशाने नव्हे, केशरबाईच्या चुलीपुढे कळले. घरात दोघांपुरतेही पीठ नसे, तरी माझी भाकर ती आपल्या भाकरीच्याही आधी थापत असे.

कलम दुसरे. दिंद्रुडच्या शेतावाड्यावर माझा हक्क नाही व मी सांगतही नाही. पुढे सुंदरराव एकदा आले होते. अंगणाबाहेर उभे राहून म्हणाले, "तुला शुद्ध करून घिऊ. पंगत आमी घालू. फकस्त त्या माणसाला बाप म्हणू नको." बंकट तिथेच दोरासाठी वाख पिंजत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. मी म्हणाले, "दादा, परत जाताना उन्हाचं जपून जा." सुंदररावांवर माझा राग नाही असे लिहिले तर मरताना खोटे बोलल्यासारखे होईल. राग आहे. पण तो मी कोणाच्या नावे ठेवत नाही. माझ्या लेकीच्या तर नाहीच.

कलम तिसरे. छबू ही माझी लेक. मानमोडीच्या तापाच्या साथीत कापूस वेचायला आलेली तिची आई माझ्या ओसरीवर वारली. पोरीचा हात माझ्या हातात देण्याएवढेही त्राण तिच्यात नव्हते. तो मीच धरला. जात विचारायची राहून गेली ते बरेच झाले. माझे घर, त्यातली भांडी, जाते, शेळी, आणि पाळकांकडे ठेवलेली माझी शिल्लक हे सर्व छबूचे. हबीबमियाँ विचारतात, दत्तक असा शब्द घालू की नुसते मुलगी? दोन्ही लिहिते: दत्तक, आणि मुलगी. दत्तकाला वाटा अर्धा नसतो, पुरा असतो. हे मी अनुभवाने सांगते.

कलम चौथे. मला बंकट व केशरबाईच्या शेजारी मातीत ठेवावे. रडणे आवरत नसेल त्यांनी रडावे. गाणे मात्र मोठ्याने म्हणावे. मुलींच्या पाट्या व फळा शाळेचे आहेत, त्यांना कोणी हात लावू नये.

कलम पाचवे. घरामागचे परडे, तिथली छपरी आणि दोर वळायची सगळी हत्यारे सुग्रीव यास द्यावी. सुग्रीव हा बंकटांचा पुतण्या. मी आले तेव्हा तो मिसरूड फुटलेला होता आणि चुलत्याचे घर आपलेच असे धरून चालला होता. त्यात त्याची चूक नव्हती; सगळे तसेच धरून चालले होते. बंकट गेल्यावर त्याने माझी वाट अडवली. "तू आमच्या हाडामासाची न्हाईस. जा तुज्या पाटलाकडं." तहसिलात त्याने सांगितले की चुलत्याने हिला लेक म्हटलेले मी कधी ऐकले नाही. पाळकांनी मध्ये पडून मला घरात राहू दिले, पण निकाल लागला नाही. तेव्हापासून भिंतीला भिंत असून आम्ही बोललो नाही. रविवारी तो एका टोकाला, मी दुसऱ्या. एकाच बापाला हाक मारायची आणि एकमेकांकडे पाहायचे नाही, असे आम्ही केले.

इथवर लिहून झाले तेव्हा हबीबमियाँनी कागद वाचला आणि मान हलवली. म्हणाले, "बाई, घर तुमचं हाय हे कोण सांगनार? बंकटनं तुमाला बेटी केलं ह्याची गवाही त्याच्याच भावकीतली पायजे. न्हाईतर तुमच्या मागं ह्या पोरीला बाहेर काढतेत लोक." त्या रविवारी हजर असलेला भावकीतला एकच माणूस आज हयात आहे. तो सुग्रीव.

हबीबमियाँ स्वतः जाऊन त्यास घेऊन आले. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. मी पाचवे कलम वाचून दाखवले.

तो म्हणाला, "परडं मला कावून देतीस?"

मी म्हणाले, "तुझ्याच हाताला तो धंदा येतो. आणि ते तुला मिळणार होतं, मी आले म्हणून मिळालं नाही."

मग हबीबमियाँनी साक्षीचे सांगितले. शिवाय ज्याला काही मिळायचे त्याची साक्ष कोर्टात टिकत नाही, हेही सांगितले. "परडं घ्या न्हाईतर गवाही द्या. दोन्ही व्हायचं न्हाई." मला हे आधी ठाऊक नव्हते, असते तर माणसाला असे कोंडीत धरले नसते. मी म्हणाले, "सुग्रीव, परडं घे. पोरीचं देव बघेल."

 छबू दाराशी बसली होती, तिच्याकडे तो पाहत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका उभे ऱ्हायले तवा मी त्येंच्या शेजारीच बसलतो. समदं ऐकलं. मला लई राग आलता. वाटलं, ह्येंनी हिला घेतलं म्हंजी मला टाकलं. तसं न्हवतं. काकानं मला कदी टाकलं न्हाई. मीच जात न्हवतो त्येंच्याकडं." आणि हबीबमियाँना म्हणाला, "परडं खोडा. पोरीच्या नावानं करा. गवाही लिवा."

मी म्हणाले, विचार कर. तो म्हणाला, "केला. लई वरसं केला."

सबब कलम पाचवे रद्द. परडे, छपरी व हत्यारे छबूची. छबू उठली आणि म्हणाली, "मामा, आत या. वाख तुमी हितंच वाळवा." हबीबमियाँ म्हणतात, हे कागदात घालू नका, तंट्याला जागा होते. घातले आहे. तो हक्क नव्हे, घरातले बोलणे आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम येथील पाळक धर्मराज यांनी करावे. यापूर्वी मी दुसरा कोणताही लेख केलेला नाही. वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे. देवाने मला जे जे दिले ते मागितल्यावाचून दिले. मीही तसेच देऊन जात आहे.

मुक्काम घाटनांदूर, फेब्रुवारी १९२९, सन १३३८ फसली.

सही: भिवराबाई बंकट

साक्षीदार:

१. हबीब, अर्जनवीस, राहणार घाटनांदूर. मजकूर बाईंनी माझ्यासमोर पुऱ्या शुद्धीत लिहिला व सही केली. सही.

२. सुग्रीव, धंदा दोर वळणे, राहणार घाटनांदूर. बंकट यांनी भिवराबाईस भरल्या उपासनेत लेक म्हटले, ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. लिहिणाऱ्याने विचारले, मृत्युपत्र करणारीशी नाते काय लिहावे. त्याने सांगितल्याप्रमाणे लिहिले: भाऊ.