लोरेनाची खुर्ची आणि माझी जीभ

६ नोव्हेंबर
जिंकली! माझी नात लोरेना राज्याच्या सिनेटवर निवडून आली! ओरडून घसा बसला, म्हणून लिहितेय. नाहीतर वहीला कोण विचारतं!

सिनेट म्हणजे राज्याचं वरचं सभागृह, चौतीस खुर्च्यांचं. एका मतदारसंघाला दोन. पण दोघं एकाच जिल्ह्यात राहणारे चालत नाहीत. आमच्या दुसऱ्या खुर्चीवर आधीच नदीपलीकडच्या जिल्ह्यातला माणूस बसलाय. म्हणून लोरेना गेल्या वर्षी तिकडची खोली सोडून नदीअलीकडे माझ्याकडे राहायला आली. मला वाटलं, माझ्या सफरचंदाच्या मुरंब्यासाठी! शेजारची ओपल म्हणाली, "मुरंब्यासाठी नाही गं बाई, तुझ्या पत्त्यासाठी!" असू दे. आली ना?

१४ नोव्हेंबर
आज एक गृहस्थ आले. स्टिडम नाव. हरलेल्या उमेदवाराचे वकील. सांगितलं त्यांनी तसं, पण शेगडीवर घेवडा शिजत होता आणि माणूस अगदीच वाळलेला. वाढलं.

"लोरेना इथेच राहते?" — "मग कुठं राहणार!"
"घरात काय काम करते?"

आता आली का पंचाईत! आमच्या डोंगरात आल्यागेल्याला भांडी घासायला लावली तर लोक तोंडात शेण घालतील. मी मान ताठ करून म्हटलं, "काम? वर्षभर पाहुणी म्हणून ठेवलीय! चमचासुद्धा उचलू दिला नाही!"

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मक्याचा पाव आणखी एकदा मागून घेतला. मी खूश — पाव जमला म्हणून!

१५ नोव्हेंबर
लोरेनाला सांगितलं. ती नुसतं "मॅमॉ!" म्हणाली (आमच्याकडे आजीला मॅमॉ म्हणतात) आणि दार लावून बसली.

९ जानेवारी
कोण बसायला पात्र, हे सिनेट स्वतःच ठरवते. ठरवलं. माझं बोलणं भर सभेत वाचून दाखवलं म्हणे — खुद्द आजीच म्हणते, पोरगी पाहुणी! म्हणजे ती इथली रहिवासी नाही, अजून नदीपलीकडचीच. लोरेनाची खुर्ची गेली. दात काढले तेव्हा डॉक्टरांना जीभही काढायला सांगायला हवी होती.

पोरगी रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं मलाच चहा करून दिला.

१७ जानेवारी
रिकाम्या खुर्चीसाठी लोरेनाचा पक्ष तीन नावं सुचवणार, राज्यपाल एक निवडणार. लोरेना नि ओपल टेबलाशी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या.

"नदीअलीकडचंच कुणीतरी हवं. वय पंचवीसच्या वर. पाच वर्षं राज्यात, एक वर्ष मतदारसंघात राहिलेलं," लोरेना म्हणाली.
"आणि शाळा किती?" मी विचारलं.
"शाळेची अटच नाही, मॅमॉ."

मग ओपल माझ्याकडे बघायला लागली. लोरेनाही. मी मागे वळून पाहिलं. मागे नुसती भिंत!

"अगं, पण मी बडबडते!"
"तिथं दुसरं काय करतात?" ओपल म्हणाली.

२९ जानेवारी
राज्यपालांचा फोन आला. उद्या माझा शपथविधी! लोरेना म्हणाली, "पुढच्या निवडणुकीपर्यंत माझी खुर्ची सांभाळ हं, मॅमॉ."

म्हटलं, बसून तर बघू दे. मऊ निघाली तर विचार करावा लागेल!