गावपळणीत राहिलेली

३ डिसेंबर
पोचले एकदाची! कराडहून निघताना आईचे डोळे भरले होते, आणि मी मात्र पहिल्याच दिवशी सोलकढीचे तीन पेले रिचवून बसले आहे. तारीवाडीचं आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, मागे माड, समोर खाडी. शेजारच्या हौसाबाईंनी सामान उतरायच्या आत जेवायला नेलं. मला सगळे संचिताबाई म्हणून हाक मारतात. फार आवडलं.

६ डिसेंबर
वाडीतल्या सत्यवानच्या आईला, सुभद्राआजींना, बघून आले. खुब्याचं हाड मोडलेलं, कूस बदलता येत नाही. टाचेला चिघळलेली जखम. ती धुऊन पट्टी बांधली. बराच वेळ त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

९ डिसेंबर
आज रवळनाथाच्या देवळात कौल लावला. पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली, म्हणजे देवाने होकार दिला. गावपळण! तीन दिवस, तीन रात्री सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर झोपड्यांत. हौसाबाई म्हणाल्या, ही जमीन आपली नव्हे, माणसांआधी इथे असलेल्या मूळच्यांकडून मागून घेतलेली. तीन दिवस त्यांची त्यांना मोकळी करून द्यायची. ऐकून बरं वाटलं. मग सुभद्राआजी आठवल्या.

१० डिसेंबर
सत्यवानशी कडाक्याचं भांडण. या बाईला हलवायचं नाही, असं चारदा बजावलं. तो शांतपणे म्हणाला, “आवशीक होडयेतसून नेतलंव. तीन दिस गाव आमचो नाय, बाई. तुमी पण चला.” आईला होडीत घालून नेणार म्हणे! मोडक्या हाडापेक्षा पाकळी मोठी! एवढी चिडले की दार आपटून निघून आले.

१२ डिसेंबर
दुपारी ढोल वाजले आणि गाव रिकामं झालं. कुलूप लावून येते, असं हौसाबाईंना सांगितलं. निघाले, तर सत्यवानच्या घरातून हाक आली, “माका पाणी दी गो, बाय.”
आजी! अंथरुणावर एकट्या! टाकून गेले जन्मदात्या आईला. देवाच्या नावाखाली! फोनला रेंज नाही. मी कुठेही जाणार नाही. परत येऊ दे त्याला, सगळ्या गावासमोर त्याची लाज काढीन.

१३ डिसेंबर, सकाळी
पेज भरवली. भरवताना सत्यवानला मनसोक्त शिव्या दिल्या. आजी हसल्या. “अजून बोल गो. बरा वाटता.” खरंच गालांवर रंग चढला होता. स्वतःच्या स्वतः कुशीवर वळल्या. मोडक्या हाडाने?
माझ्या कंबरेत चमक भरली आहे. त्यांना उचलल्यामुळे असेल.

१३ डिसेंबर, दुपारी
खाडीकाठी रेंज मिळाली. सत्यवानला फोन लावून तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, “आवस हयसरच आसा, बाई. होडयेतसून आणलंव. आताच पेज जेवली.” व्हिडिओ कॉल केला त्याने. झोपडीत सुभद्राआजी. टाचेला माझी पट्टी.
तो ओरडत होता, “बाई, तुमी कोणाकडे आसात?”

१३ डिसेंबर, चार वाजता
वेशीकडे निघाले होते. पाय अर्ध्यात लुळा पडला. जवळ सत्यवानच्या घराचं हेच एक दार उघडं. सरपटत आत आले.
तिची पट्टी सोडून पाहिली. तीच पट्टी, तीच गाठ. खाली जखम नाही. हिला कधी नव्हतीच.
ती उठून बसली आहे.

१४ डिसेंबर
ती घरात फिरते. मी आजींच्या अंथरुणावर. कंबरेखाली काही हलत नाही. पाणी मागितलं, दिलं नाही.
राग येऊ द्यायचा नाही. रागावले की तिला बळ येतं, हे कळलंय. पण राग येतो — स्वतःचाच. तुम्हीपण चला, असं सत्यवानने सांगितलं होतं. मी न विचारता ठरवलं, की तो आईला टाकून गेला. एकदा फोन लागेपर्यंत थांबले असते —
तिने माझा पांढरा कोट घातला. बटणं लावताना माझ्यासारखीच गुणगुणते.

१५ डिसेंबर
ढोल. गाव परत आलं.
अंगणात ती हौसाबाईंशी बोलते आहे. माझ्या आवाजात. कराडची बोली. सत्यवानची माफी मागते आहे, तापात भास झाला म्हणते. तो म्हणतो, “जावंदे, बाई.” सगळे हसतात.
मी किंचाळते. कोणी वळत नाही —

दार उघडलं. चौघांनी आजींना उचलून आणलंय. सत्यवान सरळ माझ्याकडे बघतो, डोळे माझ्यातून पलीकडे जातात. सत्यवान, आंधळ्या, मी आहे इथे! — आजींनी पाहिलं मला. त्या मान हलवतात, नको, नको म्हणतात. त्याला वाटतं, हाड दुखतंय —
दारातून ती सांगते, माझ्या आवाजात, सावकाश खाली ठेवा.
ठेवतात — माझ्यावर — जागा नाही इथे, मी आहे, मी अजून