नव्वद किलो गूळ

अमरावती, ११ फेब्रुवारी १९६३

तीर्थस्वरूप सुभद्राबाई,
धाकट्या भावाचा, जानरावचा दंडवत.

आज ऑपरेशनाचा नववा दिवस. अल्सरपायी डॉक्टरांनी जठराचा दोन-तृतीयांश भाग काढला. काल सहा चमचे पेज पचली, आज आठ. धोका टळला म्हणतात.

मी वाचलो तर माझ्या भारंभार, म्हणजे माझ्या वजनाइतका, गूळ वाटायचा नवस तू हिवरखेडच्या मारुतीला केलास, नव्वद किलो सांगूनही ठेवलास, असं भाऊजी म्हणाले. बाई, तू मला शेवटचं पाहिलंस त्या दिवाळीला मी नव्वद होतो. आज इथल्या काट्यावर बासष्ट भरलो. वीस वर्षं तेल्हाऱ्याच्या जिनिंगात कापूस तोलणाऱ्याच्या नावावर चुकीचं वजन नको, म्हणून लिहायला बसलो.

मी शाळेत गेलो नाही. तू कापूस वेचून यायचीस, मला काट्याच्या पारड्यात बसवायचीस आणि ओरडायचीस, "काहून हालून राहिला रे? आकडा तूच वाच, मले कुठं येते!" वजनांवरचे ते आकडे वाचतच मी शिकलो; अक्षरं पुढे जिनिंगात आली. एखादा शेर वाढला, की तू साऱ्या बायांना सांगत सुटायचीस.

भाऊजी आत्ताच हे पत्र न्यायला आले होते. "तिले वजन काय सांगू, जानराव?"

खरं कळवलं तर अठ्ठावीस किलो गूळ वाचेल, पण अठ्ठावीस किलो भाऊ कुठं गेला म्हणून तू रडत बसशील.

"नव्वद बरोबर हाये म्हणा," मी सांगितलं. तोलात केलेली ही माझी पहिली लबाडी. पत्र उशाखालीच ठेवतो.

तुझा,
जानराव